आधीची बावन्न वचने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की शुभेच्छापत्रांवर, उपासनेच्या पत्रकांवर आणि वर्तमानपत्रांच्या खास पानांवर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातले ९:६ हे वचन हमखास छापले जाते. ‘आम्हांसाठी बाळ जन्मला आहे, आम्हांला पुत्र दिला आहे.’ ते सुंदर आहे आणि ते छापावेच. पण ते जिथून उचलले जाते तिथे त्याच घटनाक्रमातली बावन्न वचने आधी येऊन गेलेली असतात. सातव्या अध्यायातली पंचवीस, आठव्यातली बावीस आणि नवव्यातली पाच. ती गाळली की पाळण्यातले बाळ उरते, पण हे वचन कुणाच्या भीतीला दिलेले उत्तर होते ते कळत नाही. मग नाताळची आशा म्हणजे डिसेंबरात चार दिवस मन प्रसन्न ठेवणे, एवढाच तिचा अर्थ होऊन बसतो. बायबल अभ्यासवर्ग घेताना दरवर्षी हाच गैरसमज समोर येतो, म्हणून हे सविस्तर पत्र.

प्रसंग इ.स.पू. ७३४च्या सुमाराचा आहे. यहूदा या छोट्या राज्याच्या गादीवर आहाज आहे, वय जेमतेम विशीतले. उत्तरेकडून अश्शूर साम्राज्याचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर एकेक राज्य गिळत निघाला आहे. त्याला अडवण्यासाठी शेजारच्या अरामचा राजा रसीन आणि उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचा राजा पेकह यांनी युती केली. आहाज त्यांच्या बाजूने येईना, तेव्हा त्याला उतरवून ताबेलाच्या मुलाला गादीवर बसवायचे त्यांनी ठरवले. ही बातमी आली तेव्हा राजाचे आणि प्रजेचे काळीज ‘वाऱ्याने रानातली झाडे हलावीत’ तसे हलले, असे यशया लिहितो. राजा वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभा आहे. वेढा पडला तर शहराला पाणी पुरेल का, हे तो पाहत असावा. तिथे यशया आपल्या लहान मुलाला घेऊन त्याला भेटतो. मुलाचे नाव शआर-याशूब, म्हणजे ‘उरलेले परत येतील’. हे नाव पुढे पुन्हा लागणार आहे.

राजाला निरोप असा, की सावध राहा, शांत राहा. हे दोन राजे म्हणजे विझत आलेली, नुसती धुमसणारी दोन कोलिते आहेत. त्यालाच जोडून एक वाक्य आहे, ‘तुम्ही विश्वास ठेवणार नाही तर टिकणार नाही.’ मूळ इब्रीत ‘विश्वास ठेवणे’ आणि ‘टिकणे’ ही दोन्ही क्रियापदे एकाच धातूची आहेत, ज्या धातूपासून ‘आमेन’ हा शब्द आला त्याच धातूची. मराठीत तो श्लेष आणायचा तर ‘भाव नाही तर ठाव नाही’ असे काहीसे म्हणता येईल. या वचनातली आशा इथून सुरू होते. ज्याच्या पायाखालची जमीन सरकते आहे त्याला, तू उभा कशाच्या जोरावर राहणार, असे ती विचारते.

आहाजने काय केले? हवे ते चिन्ह माग, खोल अधोलोकातले माग किंवा वर आकाशातले माग, असे देवाने सांगितले असताना तो म्हणाला, ‘मी मागणार नाही, मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही.’ ऐकायला हे फार भाविक वाटते. अनुवादाच्या पुस्तकात देवाची परीक्षा पाहू नये अशी आज्ञा आहेच. पण राजे-दुसरे पुस्तक, सोळावा अध्याय शेजारी उघडून ठेवला की खरी गोष्ट दिसते. आहाजने मंदिरातले आणि राजवाड्यातले सोने-रुपे काढून तिग्लथ-पिलेसरकडे पाठवले आणि निरोप दिला, ‘मी आपला दास व आपला पुत्र आहे, येऊन मला वाचवा.’ तिग्लथ-पिलेसरच्या स्वतःच्या कोरीव लेखांतही खंडणी देणाऱ्या राजांच्या यादीत यहूदाच्या या राजाचे नाव आहे. तिथे ते यहोआहाज असे पूर्ण रूपात येते.

यातला ‘पुत्र’ हा शब्द वाचताना थांबावे असा आहे. यहूदाच्या राजघराण्याचा मूळपुरुष दावीद याला दिलेल्या अभिवचनात देवाने त्याच्या वंशातल्या राजाविषयी म्हटले होते, ‘मी त्याचा पिता होईन आणि तो माझा पुत्र होईल’ (२ शमुवेल ७:१४). त्याच वंशाचा राजा आता अश्शूरच्या राजाला बाप म्हणतो आहे. राजानेच पुत्रपणाचा सौदा केल्यावर पुढे ‘आम्हांला पुत्र दिला आहे’ हे शब्द येतात. ‘दिला’ म्हणजे मागून घेतलेला नव्हे आणि विकतही घेतलेला नव्हे. एकटे नववे सहा वाचणाऱ्याच्या कानावर हे पडतच नाही.

आता सातव्या अध्यायातले चौदावे वचन, ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतात. राजा चिन्ह मागत नाही, तेव्हा देव स्वतःच देतो. पुत्र होईल, त्याचे नाव इम्मानुएल, ‘आम्हांसन्निध देव’. मूळ शब्द ‘अल्मा’, म्हणजे लग्नाच्या वयाची तरुणी. कौमार्यावर थेट बोट ठेवणारा ‘बेथुला’ हा शब्द इथे नाही. येशूच्या जन्माआधीच यहुदी विद्वानांनी ग्रीक भाषांतर केले तेव्हा त्यांनी इथे ‘पार्थेनोस’ म्हणजे कुमारी हा शब्द घातला, आणि शुभवर्तमान लिहिणारा मत्तय तोच घेतो. या मुद्द्यावर ख्रिस्ती माणसाने बिचकायचे कारण नाही. मरीयेच्या कौमार्यावरचा विश्वास एका इब्री शब्दावर टांगलेला नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर यशयाचे हे वचन न देताच ‘मी तर कुमारी, हे कसे होईल?’ हा मरीयेचा प्रश्न नोंदवतो. पण ‘इब्रीत कुमारीच लिहिले आहे, दुसरा अर्थ संभवतच नाही’ असे ठासून सांगू नये. समोरचा अभ्यासू असेल तर तो हे पहिल्या मिनिटात खोडतो आणि पुढचे काही ऐकून घेत नाही.

त्याहून जास्त दुर्लक्ष होते ते पुढच्या दोन वचनांकडे. या चिन्हाला मुदत आहे. मुलाला वाईट टाकायचे आणि चांगले घ्यायचे कळू लागण्याआधी, ज्या दोन राजांची तुला धास्ती आहे त्यांचा देश ओस पडेल. आठव्या अध्यायात यशयाच्या दुसऱ्या मुलाच्या, महेर-शालाल-हाश-बज याच्या, बाबतीत ती मुदत आणखी आवळली जाते. मूल ‘बाबा’, ‘आई’ म्हणू लागण्याआधी दिमिष्काची (अरामच्या राजधानीची) संपत्ती आणि शोमरोनाची (इस्राएलच्या राजधानीची) लूट अश्शूरच्या राजापुढे नेली जाईल. तसेच घडले. इ.स.पू. ७३२ मध्ये दिमिष्क पडले, रसीन मारला गेला, पेकहाची हत्या झाली. ७२२ मध्ये शोमरोनही संपले. म्हणजे या वचनाला आहाजच्या काळात एक खरा अर्थ होता आणि तो लोकांनी डोळ्यांनी पाहिला. मत्तय सातशेहून अधिक वर्षांनी ‘हे पूर्ण झाले’ म्हणतो, ते आधीचा अर्थ पुसून नव्हे. अर्धे भरलेले भांडे काठोकाठ भरावे, तशा अर्थाने तो ‘पूर्ण’ म्हणतो.

मग इम्मानुएल म्हणजे आहाजचा मुलगा हिज्कीया, असे अनेक यहुदी आणि काही ख्रिस्ती भाष्यकार सुचवतात. हिज्कीया चांगला राजा होता, त्यामुळे सूचना मोहात पाडणारी आहे. पण हिशेब जुळत नाही. आहाज विसाव्या वर्षी गादीवर आला, त्याने सोळा वर्षे राज्य केले. त्याच्या मृत्यूनंतर हिज्कीया गादीवर आला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. म्हणजे बाप राजा होण्याच्या नऊ वर्षे आधीच तो जन्मला होता. या राजांच्या कालगणनेत बाप-लेकांनी एकत्र राज्य केलेल्या वर्षांचा गुंता आहे, हे खरे. तरी चिन्ह देतेवेळी अजून जन्मायच्या असलेल्या बाळाच्या जागी हिज्कीयाला बसवणे अवघड जाते. जुन्या यहुदी भाष्यकारांच्याही नजरेतून ही अडचण सुटलेली नाही.

इम्मानुएल हे नाव यशयात पुन्हा येते ते ८:८ मध्ये, आणि तिथले चित्र नाताळच्या कार्डावर कुणी काढणार नाही. यरुशलेमेतले हळूहळू वाहणारे शिलोहाचे पाणी लोकांनी नाकारले, म्हणून त्यांच्यावर फरात नदीचा पूर, म्हणजे अश्शूरचा राजा, येईल. तो यहूदात घुसेल, पसरेल, गळ्यापर्यंत पोहोचेल. ‘हे इम्मानुएला, तुझा देश तो व्यापून टाकील.’ पाणी गळ्यापर्यंत, म्हणजे डोके तेवढे वर. इ.स.पू. ७०१ मध्ये नेमके हेच झाले. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने आपल्या नोंदींत यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे यरुशलेमेत कोंडल्याचे लिहून ठेवले आहे. देश बुडाला, राजधानी वर राहिली. ‘देव आमच्याबरोबर’ हे नाव कोरड्या जमिनीवर उभे राहून उच्चारलेले नाही. आजारपण, कर्ज, घरातला मृत्यू यांनी ज्यांच्या गळ्याशी पाणी आले आहे त्यांना नाताळात हे नाव ऐकवायचे, तर या पुरासकट ऐकवावे. पूर येणारच नाही असे हे नाव कुठेही म्हणत नाही.

आठव्या अध्यायाच्या शेवटी दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, घाबरून चेटक्यांकडे आणि भुतांना विचारणाऱ्यांकडे धावणारी. हे चेटके ‘चिवचिवतात आणि पुटपुटतात’, असे यशया म्हणतो. भविष्य कळावे म्हणून माणूस मेलेल्यांकडे जातो, उपाशी फिरतो, राजाला आणि देवाला शिव्या देतो, खाली पाहतो तर संकट आणि काळोखच. दुसरा प्रकार यशयाचा स्वतःचा. तो म्हणतो, ही साक्ष बांधून ठेव, हे शिक्षण माझ्या शिष्यांमध्ये मुद्रांकित कर. याकोबाच्या घराण्यापासून आपले मुख लपवणाऱ्या परमेश्वराची मी वाट पाहीन. देवाने मुख लपवले आहे हे तो नाकारत नाही, आणि तरीही वाट त्याचीच पाहतो. इथले ‘आशा धरून वाट पाहणे’ हे क्रियापद ‘कावा’. त्याच धातूचे नाम ‘तिक्वा’, म्हणजे आशा. आणि यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही हाच ‘तिक्वा’ शब्द आहे. आशा म्हणजे दोरी. दोरी ताणलेली असते, तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागते, आणि ती हातात धरून ठेवली तरच उपयोगाची. मराठीत आपण ‘आशेचा तंतू’ म्हणतो ते फार लांबचे नाही, फक्त तंतू तुटण्याच्या बेतात असतो आणि यशयाची दोरी भार पेलते.

मग नववा अध्याय. इथे आकड्यांचा एक घोळ आहे आणि त्यामुळे दरवर्षी वाचकांची फजिती होते. इब्री बायबलमध्ये आणि बऱ्याच कॅथलिक आवृत्त्यांत जे ८:२३ आहे, ते प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत ९:१ आहे. म्हणून कॅथलिक मध्यरात्रीच्या मिस्सेत ‘यशया ९:१-६’ आणि इतर मंडळ्यांच्या नाताळ-पाठात ‘९:२-७’ लिहिलेले असते; उतारा तोच. पत्रकावर एका परंपरेचे आकडे आणि वेदीवर दुसऱ्या परंपरेचे बायबल असेल, तर वाचणारा एक वचन आधी सुरू करतो किंवा शेवटचे वचन खाऊन टाकतो. शेवटचे खाल्ले गेले तर काय हरवते ते पुढे सांगतो.

या पाठांत हरवते ते खरे तर सुरुवातीचे वचन, प्रॉटेस्टंट आकड्यांप्रमाणे ९:१. दोन्ही परंपरांत नाताळच्या रात्री ते वाचले जात नाही. ते साधारण जानेवारीत, तीन वर्षांच्या पाठक्रमातल्या पहिल्या वर्षी येते. त्यात बहुतेक ठिकाणांची नावे आहेत, म्हणून ते कंटाळवाणे वाटत असेल. जबुलूनाचा प्रांत, नफतालीचा प्रांत, समुद्राकडचा रस्ता, यार्देनेपलीकडचा मुलूख, विदेश्यांचा गालील. पण तिग्लथ-पिलेसरने सगळ्यात आधी तोडलेले लचके ते हेच. राजे-दुसरे पुस्तक १५:२९ मध्ये त्याने घेतलेल्या गावांची यादी आहे, हासोर, केदेश, गिलाद, गालील, सगळा नफताली, आणि तिथल्या लोकांना तो अश्शूरला घेऊन गेला. काळोखाचा पहिला घाव ज्यांच्यावर पडला त्यांच्यावर उजेडही पहिला पडेल, असे वचन आहे. मत्तयाने हे नेमके हेरले. येशू नासरेथ सोडून कफर्णहूमला राहायला आला, हे सांगताना तो हीच ओळ देतो. नासरेथ जबुलूनच्या हद्दीत, कफर्णहूम नफतालीच्या. पराभवानंतर साडेसातशेहून जास्त वर्षांनी नकाशावरच्या त्याच दोन खुणांवर दिवा लागला. ही ठिकाणे वाचलीच नाहीत तर ‘अंधकारात चालणारे लोक’ म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, असे मोघम होऊन जाते.

‘मोठा प्रकाश पाहिला आहे’ यातला भूतकाळही जाणूनबुजून आहे. अजून न घडलेली गोष्ट घडून गेल्यासारखी सांगणे ही इब्री संदेष्ट्यांची लकब आहे. ज्याने शब्द दिला त्याच्या बाजूने ती झालेलीच आहे.

तिसऱ्या वचनात आनंद आहे, कापणीचा आनंद. (जुन्या इंग्रजी भाषांतरात इथे ‘तू आनंद वाढवला नाहीस’ असे उलटेच आहे. इब्रीत ‘नाही’ आणि ‘त्याला’ हे दोन्ही शब्द ‘लो’ असेच उच्चारले जातात, फरक एका अक्षराचा. त्यातून हा गोंधळ झाला.) त्यानंतर ओळीने तीन ‘कारण’ येतात, आणि सगळा उतारा या तीन खुंट्यांवर टांगलेला आहे. पहिले कारण, जू, खांद्यावरचा दांडा आणि जुलमी माणसाची काठी मोडली, मिद्यानाच्या दिवशी मोडली तशी. मिद्यानाचा दिवस म्हणजे मिद्यानी सैन्याला हरवणाऱ्या गिदोनाचा. त्याच्याकडे ३२,००० माणसे होती. २२,००० भिऊन घरी गेली, उरलेल्या १०,००० मधून देवाने ३०० ठेवली, आणि त्यांच्या हातात मडकी, मशाली आणि शिंगे. दुसरे कारण, दणदणत चालणारा सैनिकाचा जोडा आणि रक्तात माखलेली वस्त्रे जळणाला जातील. जोड्यासाठीचा इब्री शब्द बायबलमध्ये फक्त इथेच आहे आणि तो अश्शूरी भाषेतल्या शब्दाचा नातलग आहे. लोकांनी ज्यांच्या बुटांचा आवाज ऐकला होता त्यांचाच शब्द यशयाने उचलला. आणि तिसरे कारण, बाळ.

पहिल्या दोन कारणांपुढे तिसरे किती हलके दिसते! साम्राज्याच्या बुटापुढे तान्हे मूल. पण पहिल्या कारणातला ‘खांदा’ आणि तिसऱ्यातला ‘त्याच्या खांद्यावर सत्ता राहील’ यातला ‘खांदा’, मूळात अगदी एकच शब्द आहे, ‘शिख्मो’. लोकांच्या खांद्यावरचा दांडा मोडतो आणि भार त्या मुलाच्या खांद्यावर जातो. सहावे वचन एकटे वाचणाऱ्याला ‘खांदा’ हा नुसता अलंकार वाटतो. चौथ्यापासून वाचले की ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाताना दिसते, आणि ख्रिस्ती माणूस तिथे पुढे वधस्तंभ वाहणारा खांदाही पाहतो.

सहाव्या वचनात बाळाला दिलेल्या चार नावांविषयी थोडे. ती चार जोड्या आहेत, पाच किंवा आठ नावे नव्हेत. ‘अद्भुत’ वर थांबून मग ‘मंत्री’ असे वाचले की जोडी फुटते. ‘मंत्री’ म्हणजे इथे खातेवाटपातला मंत्री नव्हे, मंत्रणा देणारा. ७:५ मध्ये शत्रूंनी जी मसलत केली तिच्यासाठी हाच धातू आहे. त्या मसलतीला हे नाव उत्तर आहे. ‘समर्थ देव’ हे शब्द पुढच्याच अध्यायात, १०:२१ मध्ये, खुद्द परमेश्वरासाठी येतात, आणि त्या वचनाची सुरुवात आहे ‘उरलेले परत येतील’, म्हणजे तळ्याकाठी बापाचे बोट धरून उभ्या असलेल्या मुलाचे नाव. ‘सनातन पिता’ वाचून त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धांतात गोंधळायला नको. राजा प्रजेचा बाप असतो त्या अर्थाने, आणि कायमचा, असे ते नाव आहे. अश्शूरला बाप म्हणणाऱ्या आहाजच्या पार्श्वभूमीवर ते कसे वाजते पाहा. ‘शांतीचा अधिपती’ मधली शांती म्हणजे ‘शालोम’, ज्याच्या धातूत फिटलेल्या कर्जाचा आणि भरून निघालेल्या नुकसानीचा अर्थ आहे.

हे सगळे नंतर रचून मागे चिकटवले असेल, अशी शंका काढली जाते. ती रास्त आहे, आणि तिचे उत्तर हातात धरून दाखवता येण्यासारखे आहे. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरान इथे यशयाची संपूर्ण गुंडाळी सापडली. चामड्याचे १७ तुकडे शिवून केलेली, सुमारे सव्वासात मीटर लांब, ५४ स्तंभ, सहासष्टही अध्याय. ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली मानली जाते, म्हणजे येशूच्या जन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची. अल्मा तिथे अल्माच आहे, बाळ तिथे आहे, चारही नावे आहेत. त्यामुळे येशूवर विश्वास ठेवायलाच हवा असे सिद्ध होत नाही. वचन आधी होते, एवढे मात्र सिद्ध होते.

आता सातवे वचन, जे आकड्यांच्या घोळात गळते. त्याच्या सत्तेच्या वाढीला आणि शांतीला अंत नाही, दावीदाच्या सिंहासनावर न्यायाने व नीतिमत्तेने तो राज्य करील, आणि ‘सेनाधीश परमेश्वराचा आवेश हे करील’. गब्रीएल दूत मरीयेशी बोलतो ते याच वचनाच्या भाषेत: दावीदाचे राजासन, अंत नसलेले राज्य. गंमत अशी, की सहावे वचन, ज्याची कार्डे छापतात, ते नव्या करारात कुठेही जसेच्या तसे दिलेले नाही. पडसाद आहे तो सातव्याचा. आणि सातवे वाचले की प्रामाणिक माणसाला थांबावेच लागते, कारण शांतीला अंत नाही असे आज कुठे दिसते? बूट जळालेले नाहीत. मत्तयाच्या नाताळातही राजा हेरोदाचे सैनिक आहेत आणि रात्रीतून मिसरला पळणारे कुटुंब आहे.

इथे दोन चुका होतात. एक, सगळे पूर्ण झाले असे म्हणून दुःखी माणसाला आनंदी चेहरा करायला लावणे. दोन, हे वचन स्वतःच्या घराला लावून नोकरी, आरोग्य, मुलाबाळांची हमी म्हणून वाटणे. पहिली चूक माणसाला एकटे पाडते. दुसरीचे दुखणे सहा महिन्यांनी उघडे पडते. हमी फळत नाही तेव्हा तो माणूस देवालाच सोडून देतो, आणि हमी देणारा त्याला ‘विश्वास कमी पडला’ म्हणतो. मंडळीने पूर्वीपासून वेगळी वाट दाखवली आहे. नाताळाआधीच्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात आणि त्याच्या सुरुवातीचे पाठ पाळण्याचे नसतातच, प्रभूच्या दुसऱ्या येण्याचे असतात. कॅथलिक क्रमात १७ डिसेंबरपासूनच पाठ जन्माकडे वळतात. दिलेला पुत्र आला, सातव्या वचनाची पूर्ती सुरू झाली, संपलेली नाही. यशयाची ताणलेली दोरी अजून हातात आहे. फरक एवढाच, की दुसऱ्या टोकाला कोण आहे ते आता ठाऊक आहे.

घरी किंवा मंडळीत हे वाचायचे असेल तर चार रविवारांना चार तुकडे नीट बसतात. पहिल्याला ७:१-१७, दुसऱ्याला ७:१८ ते ८:१०, तिसऱ्याला ८:११-२२, चौथ्याला ९:१-७. एकदम वाचायचे तर मोठ्याने दहा-बारा मिनिटे लागतात. अडखळायला होते ते नावांवर, म्हणून वाचणाऱ्याने आदल्या दिवशी रसीन, रमाल्याचा पुत्र पेकह, महेर-शालाल-हाश-बज ही नावे दोनदा म्हणून पाहावीत; गाळू मात्र नयेत. ८:२२ च्या काळोखावर आवाज न चढवता पूर्ण थांबावे, मनात पाच आकडे मोजून मगच ९:१ घ्यावे. तीन ‘कारण’ स्पष्ट ऐकू यायला हवेत. चार नावांत प्रत्येक जोडीनंतर श्वास, जोडीच्या मध्ये नाही. आणि सहाव्यावर आवाज खाली आणून संपवू नये. सवयीने सगळे तिथेच ‘आमेन’ म्हणतात, आणि ‘परमेश्वराचा आवेश हे करील’ हे वाक्य खुर्च्यांच्या आवाजात बुडते. नेमके तेच वाक्य थकलेल्या माणसासाठी आहे, कारण त्यात करणारा तो माणूस नाही.

आपणास विनंती एकच. या नाताळात आपल्या अंकात यशया ९:६ छापणार असाल तर ८:२२ पासून ९:७ पर्यंत सलग छापावे. एकूण आठ वचने होतात. एका स्तंभाच्या छोट्या चौकटीत ती मावतील.

आपले नम्र,
बायबल अभ्यासवर्ग घेणारे काही वाचक